परकथाप्रवेश

महाभारताच्या वनपर्वांत भीमसेन द्रौपदीसाठीं सौगंधिक कमळें आणावयास गंधमादनावर चढत असतां वाटेंत एक वानर आडवें पडलेलें त्याच्या दृष्टीस पडतें. भीम त्यास दटावून पाहतो. वानर दुखण्याचें निमित्त सांगतें, आणि शेंपूट बाजूस सारून खुशाल पुढें जाण्यास सुचवितें. भीम आधीं डाव्या हातानें, बेपर्वाईनें, तें शेंपूट उचलूं लागतो; मग दोन्ही हात लावतो; आणि अखेरीस घामाघूम होऊन मान खालीं घालतो. पुढें ओळख पटते. वानर म्हणजे मारुति. तो वायूचा पुत्र, भीमही वायूचा पुत्र, तेव्हां दोघे भाऊ.

मारुति हा मूळचा ह्या कथेंतला नव्हे. त्याचा ग्रंथ निराळा, त्याचा स्वामी निराळा, युगही निराळें. रावण पडला, राम निजधामास गेला, आणि तरीही हा एक वीर दुसऱ्याच्या महाकाव्यांत, नेमका अरुंद वाटेवर, येऊन बसला आहे. तो भीमाचा गर्व उतरवितो, अर्जुनाच्या ध्वजावर बसण्याचें वचन देतो आणि दिसेनासा होतो. ह्या कामीं व्यासांनीं वाल्मीकींची परवानगी मागितल्याचें कोणीं ऐकिलेलें नाहीं.

आद्य शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या मृत देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका आहे; तिला परकायाप्रवेश म्हणतात. त्याच धर्तीवर एका कथेंतील पात्रानें दुसऱ्या कथेंत शिरणें ह्यास परकथाप्रवेश म्हणावयास हरकत नसावी. अशाच एका प्रवेशाचा इतिहास येथें सांगावयाचा आहे. प्रवेश करणारा दैत्यांची शिकार करणारा एक वीर असून हा प्रकार घडला तो जपानांत, इ. स. २००४ मध्यें, एका व्हिडिओ गेममध्यें. शेवटचा शब्द वाचून पान उलटण्याच्या बेतांत असलेल्या वाचकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं मुलें जेवणखाण विसरून ज्यांत गढून जातात त्या ह्या खेळांना आतां कथा आहेत, वंशावळी आहेत, इतकेंच काय पण पाठभेदही आहेत. आणि जेथें पाठभेद आले तेथें इतिहासाचें काम ओघानेंच आलें.

शिकाऱ्याचें नांव दान्ते. ओसाका येथील कॅपकॉम ह्या संस्थेनें ऑगस्ट २००१ मध्यें ‘डेव्हिल मे क्राय’ नांवाचा खेळ काढिला, त्याचा हा नायक. ह्याचा जन्मही मोठा चमत्कारिक आहे. त्याच संस्थेची ‘रेसिडेंट ईव्हिल’ ही प्रेतांच्या व भयाच्या खेळांची मालिका तेव्हां फार लोकप्रिय होती. तिच्या दुसऱ्या भागाचे, म्हणजे १९९८ सालच्या खेळाचे, दिग्दर्शक हिदेकी कामिया ह्यांच्याकडे पुढील भागाचें काम आलें. परंतु रचना जसजशी पुढें सरकली तसतसा तो खेळ मालिकेपासून दूर जाऊं लागला. भीतीनें जपून पाऊल टाकणारा नायक बाजूस राहिला आणि तलवार व दोन पिस्तुलें घेऊन राक्षसांच्या झुंडींत हंसत उडी घेणारा एक उर्मट तरुण पुढें आला. तेव्हां त्याचें नांव टोनी होतें. शेवटीं हें मूल ह्या घरचें नव्हे अशी सर्वांची खात्री पटली, आणि त्यास वेगळें घर, वेगळी कथा व वेगळें नांव देण्यांत आलें. नांव घेतलें तें थेट इटलीच्या महाकवीचें. त्याच्या जुळ्या भावाचें नांव व्हर्जिल ठेवण्यांत आलें. म्हणजे नरकांत वाट दाखविणारा गुरु येथें सख्खा भाऊ आणि वैरी झाला. कवि दान्ते नरक पाहावयास गेला होता. त्याचा हा नामधारी नरकांतून आलेल्यांना परत पाठविण्याचें दुकान चालवितो, आणि त्या दुकानाचें नांव म्हणजेच खेळाचें नांव.

एक गोष्ट मात्र येथें नीट लक्षांत ठेविली पाहिजे. हा शिकारी निर्भेळ मनुष्य नाहीं. त्याचा पिता स्पार्डा हा दैत्यकुळांतील वीर. दोन हजार वर्षांपूर्वीं मनुष्यांचा पक्ष घेऊन स्वतःच्या राजाविरुद्ध उठलेला. आई ईव्हा ही मानवी स्त्री. म्हणजे दान्ते ज्यांची शिकार करितो त्यांचें अर्धें रक्त त्याच्याच अंगांत आहे. आपल्याकडील बिभीषणास मनुष्यकुळांतली बायको मिळाली असती आणि तिच्या पोटीं आलेल्या मुलानें राक्षस मारण्याचा धंदा पत्करिला असता, तर जें झालें असतें तें हें.

आतां यजमानांकडे वळूं. टोकियोंतील अ‍ॅटलस ह्या संस्थेचें नांव ज्या मालिकेशीं कायमचें जोडलें गेलें तिचें नांव ‘मेगामी टेन्सेई’, अर्थात् ‘देवीचा पुनर्जन्म’. आया निशितानी ह्या लेखकाच्या कादंबरीवरून १९८७ सालीं तिचा पहिला खेळ निघाला. १९९२ पासून ‘शिन’, म्हणजे ‘खरी’ किंवा ‘नवी’, ह्या उपपदाची शाखा सुरू झाली. ह्या मालिकेची कल्पना अशी कीं जगांतील सर्व धर्मांचे देव, दैत्य, यक्ष, पिशाच एकाच भूमीवर वावरतात. नायकानें त्यांच्याशीं बोलावें, भांडावें, सौदा करावा आणि त्यांस आपल्या बाजूस वळवावें. शिव, विष्णु, काली, लक्ष्मी, गरुड हे सर्व तेथें आहेत, आणि ओडिन व थॉर ह्यांच्या पंक्तीस आहेत. आमच्या काहीं वाचकांस हें रुचणार नाहीं, व त्यांच्या नाराजीस कारण आहे. देव्हाऱ्यांतील मूर्ति खेळांतील सोंगटी झालेली पाहून आमच्याही मनास प्रथम चरका बसला. पण जपानला ही सवय फार जुनी आहे. आपली लक्ष्मी तेथें बौद्ध धर्माबरोबर जाऊन किचिजोतेन झाली, सरस्वती बेन्झाइतेन झाली, आणि तळ्याकाठच्या देवळांतून आजही पुजली जाते. परक्या घरचे पाहुणे घेऊन त्यांना घरचें करून टाकण्याची कला त्या लोकांच्या अंगीं मुरलेली आहे. खेळ लिहिणाऱ्यांनीं ती फक्त पुढें चालविली.

ह्या शाखेचा तिसरा खेळ, ज्यास बाहेरच्या देशांत ‘नॉक्टर्न’ म्हणतात, फेब्रुवारी २००३ मध्यें जपानांत निघाला. त्याची कथा प्रलयापासून सुरू होते. शाळेंत शिकणारा एक मुलगा आजारी शिक्षिकेस भेटावयास रुग्णालयांत जातो, आणि त्याच दिवशीं जगाचा अंत होतो. टोकियो शहर उलट्या गोलाच्या आंतील बाजूस चिकटलेलें दिसूं लागतें, मध्यभागीं कागुत्सुची नांवाचें तेज चंद्राप्रमाणें वाढतें व घटतें, आणि रस्त्यांवर माणसांऐवजीं दैत्य हिंडूं लागतात. त्या मुलाच्या अंगांत एक किडा सोडण्यांत येतो व तो स्वतःच अर्धा दैत्य होतो. अंतःकरण तेवढें मनुष्याचें राहतें. जपानी भाषेंत त्यास ‘हितोशुरा’ म्हणतात. ‘हितो’ म्हणजे मनुष्य. आणि ‘शुरा’ हा आपला ‘असुर’ शब्दच, चीनमार्गें जाऊन पहिलें अक्षर वाटेंत गमावून बसलेला. मनुष्यासुर! नवें जग कोणत्या तत्त्वावर उभारावें ह्याबद्दल त्याचे जुने सोबती निरनिराळे पंथ काढतात, आणि त्यानें कोणास साथ द्यावी हा खेळाचा प्रश्न आहे. ह्या पहिल्या आवृत्तींत दान्तेचा मागमूसही नाहीं.

जानेवारी २००४ मध्यें त्याच खेळाची वाढविलेली आवृत्ति ‘मॅनियॅक्स’ ह्या नांवानें निघाली. तींत मूळ कथेखालीं एक भलें मोठें तळघर खोदण्यांत आलें. त्याचें नांव अमल-चक्रव्यूह. ‘अमल’ हा बौद्ध विज्ञानवाद्यांचा संस्कृत शब्द. चक्रव्यूहाचे पांच मजले असून प्रत्येकास ‘कल्प’ म्हटलें आहे. चाकांच्या खुर्चींत बसलेला एक वृद्ध गृहस्थ व त्याच्या सोबतची काळ्या वेषांतली स्त्री नायकास ह्या तळघरांत उतरण्यास प्रवृत्त करितात. आणि ह्याच वृद्धाच्या सांगण्यावरून, दैत्यांची शिकार करीत, लाल झग्यांतला दान्ते प्रलयोत्तर टोकियोंत येऊन दाखल होतो.

त्याची पहिली गांठ पडते ती इकेबुकुरो भागांत, ‘मान्त्रा’ नांवाच्या दैत्यसंघाच्या उंच इमारतीवर. (ह्या संघाचा मुख्य गोझु-तेन्नो, म्हणजे ‘वृषभशिर देवराज’, जपानी परंपरेंत हा आपल्याकडील जेतवन विहाराचा रक्षक मानिला जातो. क्योतोच्या प्रसिद्ध उत्सवास ‘गिओन’ नांव मिळालें तें जेतवनावरूनच. म्हणजे यजमानाच्या घरींही पाहुण्यांची दाटी होतीच.) तेथें दान्ते नायकापुढें उभा राहतो तो मदतीस नव्हे. तो शिकारी आहे. समोर अर्धा दैत्य आहे. त्याच्या धंद्याच्या हिशेबानें प्रश्नच उरत नाहीं. तो पिस्तूल रोखतो.

हा सामना आम्हीं प्रथम पाहिला तो आमच्या पुतण्याच्या खांद्यावरून. त्यानें आधीं ‘डेव्हिल मे क्राय’ पुष्कळ खेळलेलें होतें. दान्ते म्हणजे त्याचा जीव कीं प्राण. तो पडद्यावर येतांच पोरानें टाळी वाजविली, आणि पुढच्या कांहीं मिनिटांत त्याच दान्तेनें त्यास चारी मुंड्या चीत केलें. ‘पण हा आपला आहे ना, काका?’ असें तो अगदीं काकुळतीस येऊन म्हणाला. त्या प्रश्नांत ह्या परकथाप्रवेशाचें सारें मर्म आहे, असें आम्हांस तेव्हांच वाटलें. स्वतःच्या खेळांत आपण दान्तेच्या कातड्यांत शिरून दैत्य मारीत असतों. मरणाऱ्याच्या बाजूनें तो कसा दिसत असेल हा विचार तेथें मनांत येण्यास सवडच नसते. येथें मनुष्यासुराच्या डोळ्यांतून त्याच्याकडे पाहण्याची पाळी येते. त्याचें हंसणें, त्याची बेफिकिरी, त्याचें नेमबाजीचें कौशल्य हें सर्व तेंच आहे. फक्त नळीचें तोंड आपल्याकडे आहे.

येथें कारागिरीची एक अडचण होती, आणि ती केवळ कादंबरी लिहिणारास कधीं येत नाहीं. होम्स जर दुसऱ्याच्या कथेंत आला तर त्याच्या पाइपाचा धूर व तर्कशास्त्र बरोबर आणलें म्हणजे भागतें. खेळांतील पात्र हें मुख्यतः हातांनीं ओळखिलें जातें. ‘डेव्हिल मे क्राय’ हा चपळाईचा खेळ आहे. बोट एक पळ उशिरा पडलें तर घाव चुकतो. ‘नॉक्टर्न’ बुद्धिबळासारखा पाळीपाळीनें चालतो. दोन्ही पक्षांना ठराविक पाळ्या असतात. शत्रूच्या दुर्बळ जागीं घाव बसला तर पाळी अर्धीच खर्च होते, नेम चुकला तर दुप्पट जाते. अशा संथ, हिशेबी पटावर दान्तेचा वेग आणावयाचा कसा? अ‍ॅटलसच्या मंडळींनीं त्याची एकेक लकब सोडवून तिचा स्वतंत्र डाव केला. दोन पिस्तुलांचा मारा हा एक, तलवारीचा गरगर फिरणारा घाव हा दुसरा, तलवार फेंकून परत हातांत घेणें हा आणखी एक. शत्रूस डिवचून चिडविणें हाही डावच. ध्रुपद गाणाऱ्या घराण्यानें लावणी बसवावी आणि ती ऐकतांना लावणीच वाटावी, असें हें काम आहे. मूळच्या आवृत्तींत पात्रांस आवाज नव्हता, सर्व संवाद अक्षरांनीं दिसत. तरीही उर्मटपणा कानांत घुमतो.

पुढें चक्रव्यूहांत दान्ते नायकाचा पाठलाग करितो, पुन्हां लढतो, आणि मग हळूहळू त्याच्या बोलण्याचा रोख बदलतो. ज्या वृद्धानें आपणांस ह्या कामावर लाविलें तो कोण, ह्याचा संशय त्यास येऊं लागतो. तो वृद्ध म्हणजे सैतानांचा राजा ल्यूसिफर असून त्यास मनुष्यासुराची पारख करावयाची आहे, हें शेवटीं उघड होतें. शिकारीच मुळीं सैतानाच्या चाकरींत सांपडला होता! तळच्या कल्पांत दान्ते नायकास म्हणतो कीं मला भाड्यानें घे. आणि मोबदला ठरतो तो एक माक्का, त्या जगांतील एक नाणें फक्त. त्यानंतर हा शिकारी दैत्यांच्या टोळींत, कालीच्या नाहींतर गरुडाच्या शेजारीं, उभा राहून लढतो.

हें सर्व का शोभलें? आमच्या मतें कारण एकच आहे, आणि तें गंधमादनावर जें घडलें त्याहून निराळें नाहीं. मारुति भीमाच्या वाटेंत बसूं शकला, कारण दोघांचा पिता एक. तेथें दुसरा कोणीही पराक्रमी वानर, प्रत्यक्ष अंगदही, चालला नसता. दान्ते व मनुष्यासुर ह्यांचें नातेंही असेंच रक्तांतलें आहे. दोघेही अर्धे. एकानें आपलें दैत्यपण मनुष्याच्या सेवेस लाविलें. दुसऱ्यावर तें लादलें गेलें आहे आणि त्याचें काय करावयाचें हें त्याला अजून ठरवावयाचें आहे. अर्ध्या दैत्यानें दुसऱ्या अर्ध्या दैत्यास गोळी घालण्यापूर्वीं ‘तूं कोण?’ हें विचारलें पाहिजे, आणि हाच तर ‘नॉक्टर्न’चा मूळ प्रश्न होता. २००३ च्या आवृत्तींत तो प्रश्न पंथ काढणारे सोबती विचारीत; पण तीं सारीं माणसें, आपापल्या मताच्या कैफांत बुडालेलीं. पाहुण्यानें तो बाहेरून येऊन, अनुभवी माणसाच्या तोंडानें विचारला. कवि दान्तेनेंही आपल्या नरकांत परके पाहुणे घेतले होते. होमरचा युलिसिस तेथें ज्वालेंत गुरफटून बोलतो आणि आपल्या अखेरच्या सफरीची अशी हकीकत सांगतो कीं जी होमरमध्यें नाहीं; कवीस ग्रीक येत नव्हतें, त्यानें ती स्वतः रचिली. पाहुणा आपल्या घरची शिदोरी घेऊन येतो, पण त्याला नवें कांहीं करावयास मिळालें नाहीं तर तो नुसता शोभेचा.

शोभेच्या पाहुण्यांची ह्या धंद्यांत वाण नाहीं. २००३ सालीं ‘सोल कॅलिबर’ नांवाच्या द्वंद्वयुद्धाच्या खेळाचा दुसरा भाग घरगुती यंत्रांसाठीं निघाला तेव्हां प्रत्येक यंत्रास वेगळा पाहुणा वांटून देण्यांत आला. एकास लिंक, दुसऱ्यास स्पॉन, तिसऱ्यास हेइहाची. यंत्रें खपावींत हा हेतु स्वच्छ दिसतो, आणि त्यांत लपविण्यासारखें कांहीं नव्हतें. दान्तेच्या बाबतींतही व्यापार नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. २००५ मध्यें ‘ल्यूसिफर्स कॉल’ ह्या नांवानें हा खेळ युरोपांत विकावयास आला, तेव्हां वेष्टनावर ‘डेव्हिल मे क्राय’मधील दान्ते ह्यांत आहे, अशी ठळक मुद्रा मारलेली होती. ती इतकी डोळ्यांत भरे कीं पुढें तिची थट्टा झाली, आणि वाटेल त्या पुस्तकाच्या व चित्रपटाच्या वेष्टनावर तीच मुद्रा डकवून लोक हंसूं लागले. थट्टा योग्यच होती. परंतु वेष्टनावरच्या जाहिरातीवरून आंतल्या पाहुण्याची पारख करूं नये.

व्यासांना परवानगी लागली नाहीं; मध्यंतरीं काळ बदलला. १९०६ सालीं फ्रान्समध्यें मोरिस लब्लां ह्यानें आपल्या आर्सेन लुपँ ह्या चोराच्या कथेंत शेरलॉक होम्सला आणिलें. कॉनन डॉयल ह्यांनीं हरकत घेतली. तेव्हां नांवांतील आद्याक्षरांची अदलाबदल करून ‘हेरलॉक शोल्मेस’ असा वेषांतर केलेला पाहुणा उभा करण्यांत आला. तेव्हांपासून पात्र ही एक मिळकत आहे, तिला सात-बारा आहे, हें सर्व लेखकांस समजलें. कॅपकॉम व अ‍ॅटलस ह्यांच्यामध्यें मात्र देवघेव मोठ्या सलोख्याची झाली. अ‍ॅटलसच्या दैत्यांना रूप देणारे चित्रकार काझुमा कानेको ह्यांनीं पुढें २००५ च्या ‘डेव्हिल मे क्राय’च्या तिसऱ्या भागासाठीं दान्ते व व्हर्जिल ह्या दोघांचीं दैत्यरूपें रेखाटून दिलीं. आहेर आला तसा परत गेला.

पण परकायाप्रवेशाच्या आख्यायिकेंत मुदतीचें कलम असतेंच. आचार्यांचा मूळ देह शिष्यांनीं राखलेला, आणि परतण्याचा दिवस ठरलेला. २००८ मध्यें अ‍ॅटलसनें ‘मॅनियॅक्स’ पुन्हां काढिला तेव्हां त्यांत दान्ते नव्हता. त्याच्या जागीं राइदोऊ कुझुनोहा हा अ‍ॅटलसच्याच २००६ मधील दुसऱ्या खेळाचा नायक आला. विद्यार्थ्याची टोपी, काळा झगा, संगतीला एक बोलकें मांजर, आणि नळ्यांतून दैत्य बाळगण्याची विद्या. त्याची कथा ‘ताइशो विसाव्या वर्षीं’ घडते. ताइशो शक पंधराव्या वर्षींच, १९२६ मध्यें, संपला. म्हणजे हा गृहस्थ इतिहासांत नसलेल्या वर्षाचा रहिवासी. पात्र मोठें गोड आहे, आणि टोकियोच्या रक्षकानें टोकियोंत यावें हें रीतसरही आहे. पाठलाग तोच, तळघर तेंच, वृद्ध तोच. तरीही तो नळी रोखतो तेव्हां ती जुनी धडकी भरत नाहीं. राइदोऊ निखळ मनुष्य आहे. दैत्य हीं त्याचीं हत्यारें. मनुष्यासुराकडे पाहून त्याला स्वतःचें प्रतिबिंब दिसण्याचें कारण नाहीं. जी जागा एका भावाची होती तिच्यावर एक सज्जन शेजारी येऊन बसला आहे. कांहीं रसिकांस हा बदल पसंत आहे. घरचेंच माणूस बरें, असें ते म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं.

२०२० मध्यें जपानांत, व पुढील वर्षीं इतर देशांत, नव्या यंत्रांसाठीं खेळ पुन्हां सजवून काढण्यांत आला. त्यांतही मूळ विक्रीच्या प्रतींत राइदोऊच आहे. दान्ते हवा असल्यास वेगळे पैसे भरून तो भाग जोडून घ्यावा लागतो. म्हणजे आज एकाच कथेचे चार पाठ झाले. २००३ चा, पाहुण्यावांचूनचा. २००४ चा, दान्तेसह. २००८ चा, राइदोऊसह. आणि २०२० चा, ज्यांत वाचकाच्या खिशावर पाठ ठरतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तिचा दंडक असा कीं जुन्या व परस्परांपासून स्वतंत्र अशा हस्तलिखितांत जें आढळत नाहीं तें प्रक्षिप्त समजून मुख्य संहितेबाहेर ठेवावें. त्या दंडकास धरून व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें हा आपणां सर्वांचा आवडता प्रसंग परिशिष्टांत गेला. भीम-मारुतीची भेट मात्र डॉ. सुखठणकरांनीं संपादिलेल्या आरण्यकपर्वांत, म्हणजे आपल्या वनपर्वांत, जागेवर राहिली. हाच दंडक ‘नॉक्टर्न’ला लाविला तर दान्ते निःसंशय प्रक्षिप्त ठरेल, २००३ च्या पाठांत तो नाहीं हें उघड आहे. पण गणपति परिशिष्टांत गेला म्हणून कोणत्याही घरीं मुलांना ती गोष्ट सांगणें थांबलेलें नाहीं, आणि संशोधकांनींही ती फाडून टाकिली नाहीं. परिशिष्टांत कां होईना, सांभाळून ठेविली. प्रक्षेप कोणता हें शोधणें एक, आणि प्रक्षेप नाहींसा होणें निराळें. पहिलें काम विद्वानांचें. दुसरें आतां करारपत्रांच्या हातांत गेलें आहे, आणि करारपत्रास कथेची चाड नसते. खेळांच्या तबकड्या झिजतात, यंत्रें मोडतात, आणि जोडून घ्यावयाचा भाग विकणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. सव्वाशें वर्षांपूर्वींची पोथी दप्तरांत सांपडते. वीस वर्षांपूर्वींचा हा पाठ पाहावयाचा तर तेव्हांची तबकडी व तेव्हांचें यंत्र दोन्हीं शाबूत असलेलें घर शोधावें लागतें. आमच्या पुतण्यानें आपली तबकडी एका मित्रास वाचावयास दिलेल्या पुस्तकासारखी उसनी दिली होती. ती परत आणण्यास आम्हीं त्यास पाठविलें आहे.

मनुष्यासुराचें पुढें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. ‘मॅनियॅक्स’च्या तळघराशीं त्या कथेचा सहावा शेवट आहे, तेथें तो ल्यूसिफरच्या सैन्याचा अग्रणी होतो, आणि खेळणाऱ्यानें तसें ठरविलें असल्यास एका नाण्यावर घेतलेला शिकारीही त्याच्या बाजूस असतो. २०२१ सालीं ह्या मालिकेचा पांचवा खेळ निघाला. त्यांत नायक नवा, टोकियो नवें, प्रलय नवा. तेव्हां वेगळे पैसे भरून तो भाग घेतला असल्यास तेथें एका ठिकाणीं मनुष्यासुर आडवा येतो, एक शब्दही न बोलतां लढतो, आणि बहुतेकांस पहिल्या खेपेस हरवितो.